पाठवणीनंतरचे पंधरा दिवस

नव्या वर्षाचा पहिला आठवडा उलटला की पुण्यात, ठाण्यात, डोंबिवलीत, नाशकात कितीतरी घरांत एकाच प्रकारची आवराआवर सुरू होते. पाहुण्यांसाठी काढलेल्या गाद्या पुन्हा माळ्यावर चढतात. जास्तीचे टॉवेल धुऊन कपाटात जातात. नातवाला आवडते म्हणून आणलेल्या चीजच्या चार वड्या फ्रीजमध्ये शिल्लक राहतात. त्या घरात कोणी खात नाही आणि टाकवतही नाहीत. तीन आठवडे रोज परातभर कणीक भिजत होती. आता ती किती घ्यावी याचा अंदाज आजीला येत नाही. पहिले दोन दिवस पोळ्या उरतात, तिसऱ्या दिवशी कमी पडतात, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी हाताला पुन्हा दोन माणसांचे माप सापडते.

त्याच सुमारास तेथून साडेबारा हजार किलोमीटरवर न्यू जर्सीतील एका घराचे दार उघडते. निघताना हीटर उतरवून ठेवलेला असल्यामुळे घर गारठलेले असते. पत्रपेटी बिलांनी आणि जाहिरातींनी तुडुंब भरलेली, दारातल्या मोटारीवर बर्फ साचलेले, क्वचित तिची बॅटरीही उतरलेली. घरात दूध नाही, भाजी नाही. तेवीस-तेवीस किलोंच्या बॅगा ओढत आत आणल्या जातात आणि पहिली बॅग उघडताच गोड्या मसाल्याचा, मेतकुटाचा आणि डांबराच्या गोळ्यांचा एकत्र वास त्या परक्या थंडीत पसरतो. ती बॅग पुढे कित्येक दिवस पुरती रिकामी होत नाही. वेळ मिळत नाही, हे सांगण्याचे कारण. खरे कारण घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते आणि कोणी ते बोलून दाखवत नाही.

या अवस्थेला मराठीत ‘रुळणे’ असा सुंदर शब्द आहे. परतलेला माणूस तेथे रुळतो, मागे राहिलेली माणसे येथे रुळतात. सर्वांची धडपड ही की हे रुळणे लवकरात लवकर उरकावे. मुले वेळेवर झोपू लागावीत, कामावर लक्ष लागावे, मन पूर्ववत व्हावे. परदेशस्थ मराठी माणसांच्या गप्पांतही या पंधरवड्याचा उल्लेख एखाद्या पडशा-खोकल्यासारखा होतो: आठ-पंधरा दिवस त्रास होतो, मग आपोआप बरे वाटते. विचार करण्याजोगी गोष्ट नेमकी येथे आहे. हे पंधरा दिवस आजाराचे नसून शुद्धीचे असतात. त्या पंधरा दिवसांत माणसाला आपल्या घराविषयी जेवढे स्वच्छ दिसते, तेवढे ना सुटीत दिसते, ना नंतर वर्षभर.

त्याला एक साधे शारीरिक कारणही आहे. माणसाच्या शरीरातील घड्याळ दिवसाला साधारण एका तासाने सरकते. भारत आणि अमेरिकेचा पूर्व किनारा यांत हिवाळ्यात साडेदहा तासांचे अंतर पडते. म्हणजे शरीर पुरते जागेवर यायला आठ-दहा दिवस हवेतच. पश्चिमेकडे जाताना हे थोडे सुकर, पूर्वेकडे येताना अधिक कठीण, असा अनुभव आहे आणि शास्त्रही तसेच सांगते. परंतु सुकर म्हटले तरी पहाटे तीन वाजता डोळे टक्क उघडतात. बाहेर बर्फ, रस्त्यावर चिटपाखरू नाही, बायको-मुलांपैकीही कोणीतरी जागेच. आणि त्या वेळी डोंबिवलीत दुपारचा दीड वाजलेला असतो. आई-बाबांची जेवणे उरकलेली असतात, ओटा पुसून झालेला असतो, वामकुक्षीला अवकाश असतो. वर्षभर ज्या दोन घरांच्या सवडी कधी जुळत नाहीत, त्या या आठवड्यात विनासायास जुळतात. मुलगा फोन लावतो. घाई नसते, मागे कचेरीची बैठक नसते, शेजारी नातेवाइकांचा गराडा नसतो. कित्येक घरांत वर्षातील सर्वांत खरे बोलणे या अर्धवट झोपेच्या फोनवर होते.

कारण त्या अंधारात त्याला आठवत असते ते फार वेगळे असते. कार्ल्याची सहल नाही, चुलतबहिणीचे लग्न नाही. आठवते ते हे की बाबा जिना उतरताना आता प्रत्येक पायरीवर दोन्ही पावले टेकवतात. आईने तोच प्रसंग एका जेवणात दोनदा सांगितला आणि बाबांनी तिला थांबवले नाही. नुसती मुलाकडे एक नजर टाकली. औषधांच्या डब्यात मंगळवारच्या कप्प्यातील गोळी गुरुवारीही तशीच होती. बँकेचे पासबुक भरून आणण्याचे काम बाबा ‘उद्या’वर ढकलत होते, जो माणूस तीस वर्षे नोकरीत एका दिवसाचाही हिशेब शिल्लक ठेवत नसे, त्याचा तो ‘उद्या’. हे सगळे तीन आठवडे डोळ्यांपुढेच होते. मग त्यावर तेव्हाच का बोलले गेले नाही?

याचे उत्तर आपल्या सुटीच्या घडणीत आहे. परदेशातून येणाऱ्या कुटुंबाची सुटी ही हल्ली सुटी राहिलेली नाही, तो कार्यक्रमपत्रिकेनुसार चालणारा दौरा आहे. तिकिटे सहा महिने आधी काढलेली. मुलांच्या शाळेला नाताळची जेमतेम दोन आठवडे सुटी, पुढे-मागे चार दिवस शाळा बुडवून तीन आठवडे होतात. त्यातले पहिले चार दिवस झोपेच्या घोळात आणि शेवटचे दोन बॅगा तोलण्यात. मध्ये कुलदेवतेचे दर्शन, दोन लग्ने, एक मुंज, सासरच्यांकडे आठवडा, सोनाराकडे फेरी, शिंप्याकडे चार फेऱ्या, दाताच्या डॉक्टरकडे दोन, कारण तेथे दाताचा खर्च परवडत नाही. ज्यांच्या व्हिसाची मुदत संपली आहे त्यांची वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत हजेरी. उरलेल्या वेळात भेटायला येणारी माणसे, आणि प्रत्येकासमोर तीच दोन वाक्ये: “तिकडे थंडी फार असेल नाही?” आणि “आता कायमचे कधी येताय?” पहिल्याला उत्तर असते. दुसऱ्याला हसावे लागते.

या धावपळीत दोन्ही घरे एकमेकांना आपला सणासुदीचा चेहरा दाखवतात. आई मुलगा येणार म्हणून महिनाभर आधीपासून लाडू-चिवड्याला लागते. गुडघे दुखत असतात, पण तो असेपर्यंत ती त्याविषयी अवाक्षर काढत नाही. तीन आठवड्यांसाठी आलेय लेकरू, त्याच्या जिवाला कशाला घोर? बाबा मुद्दाम रोज सकाळी नातवाला घेऊन फिरायला जातात आणि दुपारी दार लावून दोन तास पडून राहतात. इकडे मुलगाही काही कमी नसतो. कंपनीत गेल्या वर्षी दोनदा माणसे कमी झाली, घराच्या कर्जाचा हप्ता पगाराच्या मानाने जड आहे, थोरलीचे शाळेत कोणाशी पटत नाही, हे तो सांगत नाही. तो सांगतो नव्या गाडीविषयी. दोघेही प्रेमापोटीच खोटे बोलतात, यात शंका नाही. पण विमानतळावर निरोप घेताना दोन्हीकडची माणसे एकमेकांना पूर्वीइतकीच अनोळखी राहिलेली असतात, आणि तीन आठवडे एकत्र राहिल्यामुळे आता सर्व काही ठाऊक झाले असा समज मात्र घट्ट होतो.

जुन्या काळी माहेरपणाची रीत याच्या नेमकी उलट होती. सासुरवाशिणीला आणायला माहेराहून मुराळी जात असे; भाऊ, चुलता, नाहीतर घरचा जुना गडी. तो नुसता सोबतीला नसे. सासरच्या ओसरीवर बसून तो सारे निरखत असे. मुलगी वाळली आहे का, तिच्या बोलण्यात मोकळेपणा आहे का, तिला पाणी कोण आणून देते. माहेरी आल्यावर पहिले दोन दिवस झोप, आणि मग जात्यावर किंवा माजघरात आईपाशी सारे मन रिकामे करणे. सासरी जे कोणापाशी बोलता येत नसे ते तेथे बोलायचे असे. माहेरपण हे लाडाचे होते, त्याहून अधिक ते खऱ्या बोलण्याचे होते. परत जाताना ओटी भरली जाई, हातावर दही पडे, ‘जाते’ न म्हणता ‘येते’ म्हणायचे. आणि आईला नेमके ठाऊक असे की आपण लेकीला कशात परत पाठवत आहोत. आजच्या पाठवणीत ओटी आहे, दही आहे, ‘येतो’ही आहे. मुराळी तेवढा नाही. दोन्ही घरे पाहून या घरचे त्या घरी खरेखुरे सांगणारा माणूसच या रचनेत उरलेला नाही. मुलाच्या घरी सहा महिने राहून आलेले आई-वडील ते काम करू शकले असते. पण तेही परतल्यावर सोसायटीत सांगतात ते तेथल्या रस्त्यांच्या स्वच्छतेविषयीच.

दुसरे उदाहरण कोकणाचे. गिरण्यांच्या काळापासून रत्नागिरी-सिंधुदुर्गातील चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी येत आला आहे, आणि गौरी-गणपती बोळवून तांदूळ, कोकम, दारची भाजी बांधून मुंबईला परतत आला आहे. परतल्यावर त्याचेही आठ दिवस लागत नसे. चाळीच्या खोलीत रात्री पावसाचा आवाज आला की तो उठून बसे. पण त्याचे एक निश्चित होते. गावात एक भाऊ घर राखायला असे. शेत त्याने करायचे, म्हाताऱ्यांचे त्याने पाहायचे, आणि मुंबईकराने दरमहा मनीऑर्डर पाठवायची. कोणाचा वाटा काय, हे ठरलेले होते. त्यावरून भांडणे झाली, न्यायालयापर्यंतही गेली, पण ठरलेले होते. आखातात जाणारा कोकणी माणूस आजही बहुधा असाच, कराराची दोन वर्षे आणि गावातले घर यांचे गणित मांडून जातो. मध्यमवर्गाने हे गणित कधी मांडलेच नाही. त्याच्या घरात एकच मुलगा, नाहीतर दोन मुले आणि दोन्ही बाहेर. घर राखणारा भाऊ नाही, आणि तो नाही हे उघडपणे म्हणण्याचीही तयारी नाही.

१९६५ साली अमेरिकेने आपला देशनिहाय कोट्याचा जुना कायदा बदलला आणि पुढच्या दशकात मराठी डॉक्टर, अभियंते मोठ्या संख्येने तेथे गेले. त्या पिढीचे हाल वेगळे होते. हवाई पत्राला पंधरा दिवस, फोन म्हणजे अशुभ वार्ता, आणि घरी येणे चार-पाच वर्षांतून एकदा. वडिलांच्या निधनाचे पत्र पोचेपर्यंत बारावा उलटलेला असे. त्यांना फसवणूक करून घेण्याची सोयच नव्हती. दूर आहोत म्हणजे दूर आहोत. त्यांनी तेथे महाराष्ट्र मंडळे उभी केली, गणपती बसवले, १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या रूपाने एकत्र आले. आजच्या पिढीला रोज आईचा चेहरा पडद्यावर दिसतो. आणि तो चेहरा नेहमी खिडकीच्या उजेडाकडे वळवून, केस नीट करून दिसतो. अंतर मिटल्याचा हा भास जुन्या अंतरापेक्षा अधिक घातक ठरतो, कारण त्या पडद्यात जिना दिसत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. परदेशी गेलेली मुले आई-बापांना विसरली, डॉलरच्या मागे लागली, हा आपल्याकडचा सोपा आणि बहुतांशी अन्यायकारक आरोप आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४च्या पाहणीनुसार परदेशांतून भारतात येणाऱ्या रकमांपैकी सुमारे २८ टक्के अमेरिकेतून येतात, आणि त्या घेणाऱ्या राज्यांत २० टक्क्यांहून थोड्या अधिक वाट्यासह महाराष्ट्र पहिला आहे. विसरलेली माणसे पैसे पाठवत नाहीत. पहाटे तीनला उठून बसलेला तो मुलगा विसरलेला नसतो. त्याची अडचण वेगळी आहे. त्याला काय करायचे हे त्या वेळी दिसते आणि पंधरा दिवसांनी दिसेनासे होते. जेवढ्या लवकर तो ‘रुळतो’, तेवढ्या लवकर ती जिन्याची पायरी, तो मंगळवारचा कप्पा धूसर होतो. मग पुढचा डिसेंबर येतो आणि त्याला धक्का बसतो की आई एका वर्षात एवढी कशी थकली. एका वर्षात नसते थकलेली.

आणि पुढचा डिसेंबर येईलच याचीही आता खात्री राहिलेली नाही. एच-१बी व्हिसावर असलेल्यांची कायम वास्तव्याच्या परवान्यासाठीची रांग, कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून अधिक वाटा न देण्याच्या नियमामुळे, भारतीयांच्या बाबतीत दहा-दहा वर्षांहून लांबली आहे. तोवर व्हिसाच्या नव्या शिक्क्यासाठी बहुतेकांना देशाबाहेर, म्हणजे येथेच, यावे लागते. १५ डिसेंबर २०२५ पासून अमेरिकेने एच-१बी आणि एच-४ अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील वावराची सरसकट तपासणी सुरू केली. भारतातील वकिलातींत ठरलेल्या कित्येक मुलाखती महिनोन्महिने पुढे गेल्या आणि सुटीसाठी आलेली अनेक माणसे येथेच अडकली. मुले तेथे, नोकरी तेथे, आणि आपण आईच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसलेले. आईला आनंद व्हावा की चिंता वाटावी हेही कळेना. त्या धोरणाचे गुणदोष हा स्वतंत्र विषय आहे. येथे एवढेच लक्षात घ्यायचे की घरी येणे ही आता गृहीत धरण्याजोगी गोष्ट नाही. जी भेट पदरात पडते ती चिवड्याच्या पाकिटांत घालवणे परवडणारे नाही.

मुलांच्या बाबतीत हा पंधरवडा आणखी बोलका असतो. तीन आठवड्यांत नातवाचे मराठी कुठल्या कुठे जाते. आला तेव्हा ‘आजी, मला पाणी पाहिजे’ एवढेच म्हणणारा मुलगा जाताना शेजारच्या मुलांशी क्रिकेटमध्ये भांडू लागलेला असतो, आणि भांडता येणे ही भाषा आल्याची खरी खूण. परतल्यावर पहिले काही दिवस तो जेवणाच्या टेबलावर मराठीतच विचारतो. आणि नेमकी तेव्हा आई-बाबांची झोप झालेली नसते, कामाचा डोंगर साचलेला असतो. ते थकून इंग्रजीत उत्तर देतात. चार-सहा वेळा असे झाले की मूल समजून घेते. रविवारच्या मराठी शाळेने किंवा मंडळाच्या गणेशोत्सवाने ही झीज भरून निघत नाही. त्या शाळा चालवणाऱ्यांची तळमळ खरी आहे, पण आठवड्यातले दोन तास हे दोन तासच. मराठी टिकायची असेल तर ती या पंधरा दिवसांतल्या जेवणाच्या टेबलावर टिकेल.

जाता जाता हापूसची गोष्ट. नाताळच्या सुटीत येणाऱ्या मुलांना आंबा मिळत नाही आणि जुलैत येणाऱ्यांनाही मिळत नाही; तोवर मोसम संपलेला असतो. अमेरिकेने भारतीय आंब्याला २००७ साली पुन्हा दार उघडले, लासलगावच्या केंद्रात किरणांची प्रक्रिया करून तो जाऊ लागला. तेव्हा आज असे आहे की आजीच्या हातचा आमरस नातवाला ठाऊक नाही आणि प्रक्रिया झालेला, खोक्यातला हापूस मात्र तो तेथे खातो. आंब्याला परवानगी मिळाली. नातवाला मे महिन्यात सुटी मिळत नाही.

मग करायचे काय? पहिली गोष्ट घरच्यांनी करायची आहे. मुलगा येतो तेव्हा दुखणी लपवणे हे वात्सल्य नव्हे, तो त्याच्यावरचा अविश्वास आहे. सुटीच्या पहिल्याच आठवड्यात, पाहुण्यांची रीघ सुरू होण्यापूर्वी, एक दुपार राखून ठेवावी आणि कागद बाहेर काढावेत. बँकेची खाती कोणती, नॉमिनी कोण, घराचे कागद कोठे, मृत्युपत्र आहे का. डॉक्टर कोण, आणि त्यांच्याशी मुलाने बाबांसमक्ष एकदा तरी बोलावे. सर्वांत अवघड प्रश्न रुग्णालयाचा. बेशुद्ध वडिलांच्या उपचारांचा निर्णय कोणी घ्यायचा? मुलगा तेव्हा विमानात असेल. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३मध्ये त्याची पद्धत सुटसुटीत केली. दोन साक्षीदारांसमोर सही, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन. आपल्याला पुढे निर्णय घेता आला नाही तर आपल्या वतीने कोणी बोलावे, त्या एकाहून अधिक व्यक्तींची नावे त्यात लिहिता येतात. ती नावे साडेबारा हजार किलोमीटरवरच्या मुलाबरोबरच पलीकडच्या गल्लीतल्या भाच्याचीही असावीत. हे बोलणे अशुभ वाटते. पण कोकणातला तो भाऊ-भावांतला करार याहून वेगळा काय होता?

आणि तो भाचा नसेल तर? येथे वस्तीतल्या माणसांचा, कार्यकर्त्यांचा संबंध येतो. आपल्याकडे पूर आला, भूकंप झाला की तरुण धावतात, ते अभिमानास्पदच आहे. परंतु सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, मुलगा बाहेर असलेल्या दांपत्याकडे बुधवारी संध्याकाळी दहा मिनिटे जाऊन बसणे, औषधांचा डबा सहज पाहणे, दिव्याचे बिल भरून देणे, आणि मग परदेशातल्या त्या मुलाला चार खरी वाक्ये कळवणे, हे काम कोणत्याही मदतकार्याइतकेच आवश्यक आहे. यात ना गणवेश लागतो ना छायाचित्र. हा आजच्या काळातला मुराळी. तो शेजारचा असावा, आणि त्याने मुलाला बरे वाटेल असे न सांगता दिसेल तसे सांगावे, एवढीच अट.

दुसरी गोष्ट जाणाऱ्यांनी करायची आहे. पहाटे तीनला जाग येते त्या आठवड्यात एक वही घेऊन बसावे आणि जे दिसले ते तारखेनिशी लिहून ठेवावे. बाथरूममध्ये धरायला दांडा नाही. आईच्या कानाची तपासणी. बाबांचा चष्मा जुना. भावना लिहू नयेत, त्या कोठे जात नाहीत. कामे लिहावीत, ती जातात. शनिवारी सकाळी नऊला, म्हणजे डोंबिवलीत साडेसात वाजता दिवेलागणीनंतर, नातवाने आजोबांना मराठी धडा वाचून दाखवायचा, ही वेळ पहिल्याच शनिवारी धरावी. तिसऱ्या शनिवारी धरू म्हटले तर धरली जात नाही.

आणि ज्यांची कागदपत्रे येण्या-जाण्याला मोकळी आहेत त्यांनी वर्षातून एकदा अवेळी यावे. फेब्रुवारीत किंवा ऑगस्टच्या चिखलात, एकट्याने, आठ दिवसांसाठी. लग्न नाही, मुंज नाही, सोनार नाही, कोणाला कळवायचे नाही. आईने लाडू करायचे नाहीत. काही घरांनी हे सुरू केले आहे. पहिले दोन दिवस सगळेच संकोचतात. अशा बिनकारणाच्या मुलाशी वागायचे कसे हे आई-बाबांना उमगत नाही. तिसऱ्या दिवशी बाबा पासबुक घेऊन बँकेत निघतात आणि मुलगा बरोबर जातो. रांगेत खुर्च्या दोनच असतात. बाबा बसतात, मुलगा उभा राहतो. नंबर यायला चाळीस मिनिटे लागतात. त्यातल्या विसाव्या मिनिटाला बाबा समोर पाहतच म्हणतात, “हल्ली डाव्या डोळ्याने मला जरा कमी दिसतं. तुझ्या आईला बोललो नाही अजून.”